दीड बोटाचं खोटं

माझ्या कपाळावर, डाव्या बाजूला केसांच्या कडेशी, एक बारीकशी खूण आहे. कशाची म्हणून कोणी विचारलं तर मी "गाडीची" म्हणते आणि विचारणारे हळहळतात. हळहळण्यासारखं त्यात काही नाही. गाडी कुठे धडकली नव्हती की उलटली नव्हती. ती आमच्या दारातून निघून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत गेली आणि तेवढ्या अवधीत मी गाडीच्या छताला दोनदा भेटून आले, इतकंच. दुसऱ्या भेटीत आतल्या दिव्याची काच कपाळाला लागली. माझ्या मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं होतं. ते उडालं आणि गाडी चालवणाऱ्या आमच्या ह्यांच्या डोक्यावर टोपीसारखं जाऊन बसलं. ह्यांनी गाडी थांबवली, पातेलं काढलं, चष्मा पुसला आणि मागे वळून विचारलं,

"साधारण किती पाणी सांडलं?"

हे असेच होते. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. जगातली कुठलीही गोष्ट मोजली की समजते आणि समजली की सुधारते, असा त्यांचा विश्वास. माझी जखमसुद्धा त्यांनी आधी मोजली. पावणेदोन सेंटिमीटर. आधी मोजपट्टी, मग मलमपट्टी.

हा सगळा खटाटोप सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे नेण्यासाठी होता. मावशी घाटापलीकडच्या गावात राहायच्या. आदल्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा आमची गाडी, म्हणजे जुनी, लांबरुंद, हत्तीसारखी दिसणारी आणि शेळीइतकी ताकद असलेली गाडी, घाटाच्या तिसऱ्या वळणावर धापा टाकत बसली ती उठेचना. शेवटी सासूबाईंना कोबीच्या ट्रकमधून परत आणावं लागलं. कोबीची तक्रार नव्हती, पण त्या ट्रकने त्यांची पाठ कायमची धरली. डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास करा, पण धक्का बसता कामा नये. म्हणजे चढाला ताकद हवी आणि पाठीला मऊपणा हवा. एकाच माणसात हे दोन्ही गुण मिळत नाहीत, गाडीत कुठून मिळणार?

आणि घाई होती. मावशींचे डोळे जात चालले होते. शेजाऱ्याच्या हातून लिहून घेतलेलं त्यांचं पत्र आलं होतं: "अक्षरं आता दिसत नाहीत. चेहरे अजून दिसतात. लवकर ये." सासूबाईंनी ते पत्र एकदाच वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि त्या दिवसापासून घरातल्या कोणालाही गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी रोज विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ताकदीचा प्रश्न मिस्त्रींनी सोडवला. मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले, कमी बोलणारे आणि बोलताना सतत हात पुसणारे गृहस्थ. त्यांनी मोडीत निघालेल्या एका आगीच्या बंबाचं इंजिन मिळवून आमच्या गाडीत बसवलं. त्या दिवसापासून आमच्या गाडीत वारं शिरलं. सुरू केली की शेजारच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. पेडलला पाय नुसता लागला तरी मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, पिळवटायचे आणि मागची चाकं बेडकासारखी टुणटुण उड्या मारायची. माझ्या कपाळाची कथा ही त्या पहिल्या दिवसाची. पुढच्या बाजूला बंब, मागच्या बाजूला बेडूक आणि मध्ये पातेलं घेऊन मी.

आता मागच्या बाजूला काय बसवायचं, हा प्रश्न उभा राहिला आणि आमच्या गल्लीला विषय मिळाला. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नसे. तो घरपोच यायचा.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पहिले आले. त्यांचं उभं आयुष्य पार्सलांत गेलेलं. ते म्हणाले, "गाडीचं काय घेऊन बसलात? काचेचं सामान पाठवताना आम्ही कधी गाडी बघितली नाही. बांधणी बघितली. आईंना चारी बाजूंनी नीट भुसा..."

"मास्तर," आतून सासूबाईंचा आवाज आला, "वर शिक्का कुठे मारणार तेही सांगा."

मास्तर चहा न पिता गेले. त्यांच्यामागून गादीवाले आले. त्यांच्या मते खालची चाकं, दांडे, स्प्रिंगा हे सगळं थोतांड होतं. बसणाऱ्याचा संबंध गादीशी. त्यांनी एक फूट जाडीची गादी करून आणली. तीवर बसून पाहिलं तेव्हा माझं डोकं, गाडी जागेवर उभी असतानाच, छताला लागलं.

शेवटी एका रविवारी मिस्त्री आणि हे अंगणात बसले. हे कागद-पेन्सिल घेऊन, मिस्त्री फडकं घेऊन. मी चहा नेला आणि तिथेच रेंगाळले. कपाळ माझं फुटलं होतं, तेव्हा ऐकायचा हक्क मला होता.

"तीन रस्ते आहेत," मिस्त्री म्हणाले. "एक, आहेत ते पाटे ठेवायचे. वर एक-दोन पाटे वाढवायचे. उड्या कमी होतील, पण आजींना बैलगाडीत बसवल्यासारखं होईल. दुसरा, मागची दोन्ही चाकं सुटी करायची. ह्याला खड्डा लागला तर त्याला कळायचंही नाही. फार मऊ. भंगारात एका परदेशी गाडीचा असा सांगाडा पडलाय."

ह्यांचे डोळे चमकले. तेवढ्यात खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "दोन चाकांनी वेगळं बिऱ्हाड करायचं? मग तिला गाडी कशाला म्हणायचं? दोन सायकली म्हणा."

"आजींचं बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "बंबाचा जोर त्या सांगाड्याच्या सांध्यांना पेलायचा नाही. पहिल्याच चढावर हातपाय गाळील. तेव्हा तिसरा रस्ता. दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल अखंडच ठेवायचा. पण पाटे काढून टाकायचे. एक्सल जागेवर धरायला चार दांडे आणि वजन पेलायला दोन गोल स्प्रिंगा. कसं आहे वहिनी, पाट्याला एकट्याला दोन कामं असतात. वजन उचलायचं आणि एक्सलही धरायचा. एकाच माणसाला दोघांची कामं दिली की तो दोन्ही रडत करतो."

मला मिस्त्रींचं म्हणणं इतकं पटलं की कपबशा उचलता उचलता मी विचारलं, "घरात बसवता येतात का हो हे चार दांडे?"

"चहात साखर कमी आहे," हे म्हणाले.

तिसरा रस्ता ठरला. दांडे मिस्त्रींनी केले. स्प्रिंगा मात्र तार तापवून वळणाऱ्या एका कारागिराकडून करून घ्यायच्या होत्या आणि त्याने निरोप पाठवला: मागच्या सीटवर बसणाऱ्यांचं वजन नेमकं कळवा. मऊ हव्यात तर वजन बरोबर हवं. जास्त धरलं तर स्प्रिंग ताठ होणार, कमी धरलं तर गाडी बसणार.

मागे बसणाऱ्या आम्ही तिघी. सासूबाई, मी आणि माझी नणंद. वन्सं आमच्याकडेच राहायच्या, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. शिट्टी गळ्यात नसली तरी ती आहे असं वाटावं असा आवाज. शाळेत त्यांना मुली "वादळबाई" म्हणायच्या आणि वादळ फक्त वाऱ्याच्या वेगामुळे म्हणत नसाव्यात.

आता इथे ह्यांनी जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. दुसऱ्या कोणी आम्हाला सरळ काट्यावर उभं केलं असतं. पोस्टमास्तर पार्सलांचा काटा घेऊन दारात हजरही झाले होते. पण ह्यांना वाटलं, बायकामाणसांना असं चारचौघांत तोलणं बरं नव्हे. त्यांनी मास्तरांना परत पाठवलं, जेवणाच्या टेबलावर साखरेचा रिकामा डबा ठेवला, आम्हा तिघींना एकसारख्या तीन चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाले,

"प्रत्येकीने आपलं वजन लिहून घडी करून ह्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. मला फक्त बेरीज हवी."

गुप्त मतदान! इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सभ्यपणाने इतकं नुकसान झालेलंही पाहिलं नाही.

मी पेन्सिल हातात घेतली आणि मला बंदरावरचं वजनाचं यंत्र आठवलं. लग्न झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा फिरायला गेलो होतो. यंत्रात नाणं टाकलं की दिवे लागायचे, चाक फिरायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. माझ्या तिकिटावर एकोणपन्नास आलं होतं. पाठीमागे छापलं होतं, "आपला स्वभाव प्रामाणिक आहे." त्यानंतर मी वजन केलंच नव्हतं. म्हणजे मला ठाऊक असलेला माझा एकमेव आकडा तोच होता. तो मी लिहिला. ते खोटं नव्हतं. जुनं होतं. मधल्या एकोणीस वर्षांत, दोन बाळंतपणांत आणि उरलंसुरलं संपवण्यात काय झालं असेल, ते चिठ्ठीत कुठे विचारलं होतं?

ह्यांनी डबा उघडला, बेरीज केली. एकशे पंचेचाळीस. तीन मोठ्या बायका मिळून! पण ह्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. लिहिलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास असे. "आईसाठी अगदी मऊ करतो," ते कारागिराला म्हणाले. "खड्ड्यात चाक वर येईल तेवढी जागा आणि वर फक्त एक बोट राखीव. एक बोट पुरे. वजन नेमकं आहे."

स्प्रिंगा आल्या, बसल्या. पहिली फेरी नेहमीप्रमाणे माझी, पातेल्यासकट. गाडी दारातून निघाली, चहाचं दुकान मागे पडलं, शाळा मागे पडली, बाजारातला तो कुप्रसिद्ध खड्डा आला आणि गेला. तो आल्याचं मला ह्यांनी सांगितल्यावर कळलं. गाडी खाली वाकली, वर आली, जणू कोणी अदबीने नमस्कार केला. पातेल्यातलं पाणी काठापर्यंत येऊन परत फिरलं. एक थेंब सांडला नाही. परत आलो तेव्हा मिस्त्री फडकं विसरून दारात उभे होते. ह्यांनी त्यांना पातेलं दाखवलं. ते पाणी मिस्त्री चक्क प्यायले. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी पहिल्यांदा आपली बॅग काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मागे बसलो. वन्सं बसल्या तेव्हा गाडीने एक उसासा टाकला. मी बसले तेव्हा दुसरा. निघालो. पहिल्या खड्ड्याला खालून आवाज आला, धप्प! पायाखाली कोणी हातोडा मारावा तसा. दुसऱ्याला धप्प! तिसऱ्याला सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं थंडगार होती. ह्यांनी आरशातून आईचा चेहरा पाहिला आणि गाडी वळवली.

"काही नाही रे, मजेत आहे मी," सासूबाई म्हणाल्या. घरी त्यांना दोघींनी धरून उतरवलं.

पुढचे आठ दिवस ह्यांनी गणित पुन्हा पुन्हा केलं. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग. आधी कारागिरावर संशय, मग पोलादावर, मग रस्त्यावर आणि शेवटी स्वतःवर. गाडी भरली की जेवढी बसायला हवी त्याहून दीड बोट जास्त बसत होती. "दीड बोट कुठून येतंय?" ते घास हातात धरून स्वतःशी म्हणायचे. एकवीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. त्यांच्या नकाशावर शहराला पाणी यायचं. आणि आता रात्री जेवताना आमच्या मुलाला भागाकार समजावून सांगायलाही ते कचरू लागले.

मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं दीड बोट कुठून येतंय ते. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. मिस्त्री, पोस्टमास्तर, गादीवाले, सगळ्यांना जोपर्यंत गाडीची चूक दिसत होती तोपर्यंत मी सुखात होते असंही नाही. मी शेवटी वन्संना स्वयंपाकघरात गाठलं. किंवा त्यांनी मला गाठलं.

"वहिनी," त्या टोमॅटो चिरता चिरता म्हणाल्या, "तुम्ही चिठ्ठीवर काय लिहिलंत?"

"म्हणजे? वजन लिहिलं."

"नाही, पण खरं?"

"यंत्राचं तिकीट होतं माझ्याकडे. छापील." मी म्हटलं. "आणि तुम्ही?"

"शाळेच्या नोंदवहीत आहे तेच."

"कुठल्या वर्षीच्या?"

वन्संनी टोमॅटो जरा जास्तच जोरात चिरला. मग आम्ही दोघी बराच वेळ सासूबाईंबद्दल बोललो. म्हातारपणी माणसाला आपलं वजन नीट आठवत नाही, असं आमचं एकमत झालं. चिमणीएवढी बाई ती. मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात तपासणी कचेरीची तारीख आली. गाडीचं इंजिन आणि मागची बाजू बदलली की दाखला घ्यावा लागायचा, त्याशिवाय शहराबाहेर नेता यायची नाही. ही तारीख तीन महिन्यांपूर्वी मिळालेली. ती चुकली तर पुढची पुन्हा तीन महिन्यांनी. मावशींच्या डोळ्यांना तीन महिने नव्हते.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि थांबला. "मागच्या पाट्यांची संख्या हा रकाना रिकामा आहे."

"पाटे नाहीतच," हे म्हणाले. "स्प्रिंगा आहेत. चार दांड्यांवर..."

"ते मला सांगू नका. संख्या सांगा."

"शून्य."

"शून्य लिहिता येत नाही. शून्य पाटे म्हणजे गाडीला मागची बाजू नाही. मागची बाजू नसलेली गाडी आम्ही तपासत नाही."

"अहो, गाडी बाहेर उभी आहे. मागच्या बाजूसकट."

"बाहेर काय उभं आहे ते साहेब बघतील. मी अर्जात काय आहे ते बघतो."

शेवटी मिस्त्री पुढे झाले. त्यांनी हात पुसले, पेन घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं: "दोन, गोल." कारकुनाने समाधानाने शिक्का मारला. आम्ही एवढे शिकलेले, पण हे आम्हाला सुचलं नसतं.

तपासनीस साहेब शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "मागची चाकं वजनकाट्यावर घ्या. आधी मागची सीट रिकामी, मग प्रवासात बसणारी माणसं बसवून. अर्जात तीन माणसांचे एकशे पंचेचाळीस किलो लिहिलेत. जुळलं की दाखला."

काटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. जमिनीत लोखंडी पाट आणि वर भिंतीवर घड्याळासारखी भलीमोठी तबकडी. मागे ट्रकांची रांग, चालक खाली उतरून गप्पा मारत उभे. तबकडीखाली एक शिपाई, आकडा मोठ्याने ओरडून सांगायला. ज्या लाजेपायी मी चिठ्ठीवर एकोणपन्नास लिहिलं होतं, तिच्यासाठी याहून मोठा चौक शोधून सापडला नसता.

रिकाम्या सीटने वजन झालं. मग आम्ही तिघी आत बसलो. काटा हलला, थरथरला, पुढे गेला.

"एकशे सत्त्याऐंशी जास्त!" शिपाई ओरडला.

साहेबांनी अर्ज पाहिला. "बेचाळीस किलो वाढतात."

"पुन्हा बघा!" हे म्हणाले.

"एकशे सत्त्याऐंशी!" शिपाई आणखी जोरात ओरडला. रांगेतल्या ट्रकवाल्यांनीही मान वळवली.

साहेबांनी डिकी उघडायला लावली. आत पातेलं होतं. सीटखाली पाहिलं. गादीवाल्यांच्या गादीचा एक तुकडा होता. "बेचाळीस किलोंचं काहीतरी ह्या गाडीत आहे आणि ते अर्जात नाही," साहेब म्हणाले. "सांगितल्याशिवाय दाखला देता येणार नाही."

हे गाडीजवळ उभे होते. त्यांनी हळूच चष्मा काढला. "साहेब, गाडीत काही नाही. माझंच गणित चुकलंय. काय चुकलंय ते आठ दिवस मला सापडत नाही. मला वाटतं, हे माझं कामच नव्हे." आणि त्यांनी अर्ज परत घेण्यासाठी हात पुढे केला.

त्या हाताकडे पाहिलं आणि माझी लाज कुठल्या कुठे पळाली. मी दाराच्या कडीला हात घातला. खरंच घातला होता. वन्संनीही घसा साफ केला होता, हे मी शपथेवर सांगते. पण आमच्या आधी खिडकीच्या काचेवर काठीची टकटक झाली.

"अहो साहेब," सासूबाई म्हणाल्या. "ते बेचाळीस माझे आहेत."

साहेब खाली वाकले. "काय म्हणालात आजी?"

"मी चिठ्ठीवर चव्वेचाळीस लिहिलं होतं. चुकून. त्यात हे बेचाळीस मिळवा. शहाऐंशी. लिहा."

साहेबांनी आत पाहिलं. दोन भरभक्कम बायकांच्या मध्ये, उशीला टेकून, काडीसारखे हात काठीवर ठेवून सासूबाई बसल्या होत्या.

"आजी, शहाऐंशी?"

"हाडं जड आहेत आमच्याकडे."

साहेब क्षणभर सासूबाईंकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग वन्संकडे. आम्ही दोघी समोरच्या सीटची शिवण बघत होतो. साहेबांनी पेन उघडलं आणि चेहऱ्यावरची रेषा न हलवता अर्जात लिहिलं: एक वृद्ध महिला, शहाऐंशी किलो. "मात्र एकशे सत्त्याऐंशीला या स्प्रिंगा कमजोर आहेत," ते म्हणाले. "जाड तारेच्या करा. आठवड्याने आणा, रांगेत न थांबता थेट माझ्याकडे या."

हे मागे वळले. त्यांनी आईकडे पाहिलं आणि मग आम्हा दोघींकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी रागाची वाट पाहत होते. पण तिथे आनंद होता. निव्वळ आनंद. आठ दिवस हरवलेला भागाकार सापडला होता. "म्हणजे गणित बरोबर होतं!" ते मिस्त्रींना म्हणाले. "बेचाळीस किलोंना दीड बोट! तंतोतंत!"

परत येताना सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. बाजाराच्या आसपास डोळे न उघडताच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोघी मिळून बेचाळीस का गं? मी आपली तीसएक धरून चालले होते."

"आई," वन्सं पुटपुटल्या. वादळबाईंचा आवाज बसलेला मी तेव्हाच ऐकला.

"तुम्ही मात्र खरं लिहिलंत," मी म्हटलं.

"मला बहिणीकडे पोचायचं होतं," त्या म्हणाल्या.

एवढंच. याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत आणि हेही बोलले नाहीत. जाड तारेच्या स्प्रिंगा आल्या, दाखला मिळाला आणि त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. पोस्टमास्तर निरोपाला आले होते. त्यांनी कोणाला न सांगता मागच्या काचेवर "नाजूक" असं लिहिलेला कागद चिकटवला होता, तो आम्हाला घाटात कळला. तिसरं वळण आलं. मागच्या वर्षी जिथे आम्ही कोबीच्या ट्रकची वाट बघत उभे होतो तिथे ह्यांनी पेडलवर पाय ठेवला. बंब गरजला, चार दांड्यांनी एक्सल घट्ट धरला आणि गाडी एकही उडी न मारता वर चढत गेली. मी शेजारी पाहिलं. सासूबाईंना खरंच झोप लागली होती. तोंड किंचित उघडं. ह्यांनी आरशातून ते पाहिलं आणि गाणं गुणगुणायला लागले. सुरात नव्हतं, पण कोणी थांबवलं नाही.

मावशी अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सासूबाई काठी टेकत त्यांच्यापाशी गेल्या आणि वाकून आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. अगदी एका वितीवर. मावशींनी दोन्ही हातांनी तो चेहरा धरला, उजेडाकडे वळवला, डाव्या डोळ्याने पाहिला, मग उजव्या डोळ्याने.

"दिसतेयस गं," मावशी म्हणाल्या. "पण किती वाळलीस! नुसती काडी झालीस."

"वेडी आहेस का?" सासूबाई म्हणाल्या. "शहाऐंशी किलो आहे मी. सरकारी कागद आहे माझ्याकडे."

आणि त्या दोघी, सत्तरीच्या पुढच्या दोन बायका, पाठ, डोळे सगळं विसरून इतक्या हसल्या की मावशींच्या खुर्चीचा पाय वाकला. तो ह्यांनी दुपारी दुरुस्त केला. मोजून.

आता ह्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. सासूबाई नाहीत, मावशी नाहीत, हेही नाहीत. गाडी आहे. गेल्या महिन्यात माझ्या मुलाने ती पुन्हा उघडली, कारण स्प्रिंगा थकल्यात. ह्यांची जुनी फाइल काढली, तर आत गणिताचा तो कागद होता, ह्यांच्या रेखीव अक्षरात. आई, चव्वेचाळीस. बहीण, बावन्न, खरे सत्त्याहत्तर. आणि माझ्या नावापुढे एकोणपन्नास, खरे सहासष्ट. एकोणपन्नासच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "बंदरावरचं." चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, पण अक्षरं ओळखीची होती आणि बेचाळीसची वाटणी त्यांनी नजरेनेच केली असावी. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि तिकीट आठवत होतं.

कारागिराच्या मुलाने माझ्या मुलाला तोच जुना प्रश्न विचारला: मागे बसणाऱ्यांचं वजन नेमकं कळवा. मुलगा बापावर गेलाय. त्याने काटा आणला नाही. मला आणि सुनेला एकेक चिठ्ठी दिली.

माझं वजन आता त्रेचाळीस. मी सरळ लिहिलं. सून मात्र पेन्सिल चावत बसली होती. तिने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि वर तळहात धरला. माझं लक्ष गेलेलं पाहून कानापर्यंत लाल झाली.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"हे बघ," मी हळूच म्हटलं, "तुला हवा तो आकडा लिही. उरलेले माझ्या नावावर टाक. हाडं जड आहेत आमच्याकडे."